भोकं मोठी, काजळी बारीक: ट्रकचा डीपीएफ काजळी धरतो कशी आणि तुंबतो कशाने

मागे मामेभावाचा फोन आला. तो स्वतःचा ट्रक स्वतः चालवतो. गाडी उभी राहिली की कमाईही उभी राहते. डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर), दिवा वर्षात तिसऱ्यांदा लागला होता, इंजिनाने आपणहून ताकद कमी केली होती आणि चढाला गाडी ओढत नव्हती. एक मेकॅनिक म्हणाला, "फिल्टर गेला, नवा टाका." दुसरा म्हणाला, "आतलं सगळं काढून नुसता डबा ठेवू." भावाचा प्रश्न साधा होता: "चाळणीच ना ती? भोकं बुजली की संपली."

त्याच्या या वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला. कारण डीपीएफ ही वाळूच्या चाळणीसारखी चाळणी असती, तर काजळी तिच्यात अडकलीच नसती.

डीपीएफ कापून पाहिला तर मधाच्या पोळ्यासारख्या हजारो चौकोनी नळ्या दिसतात, एका चौरस इंचात साधारण २००. समोरून तो बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, कारण एक नळी उघडी तर शेजारची बुजवलेली. मागच्या टोकाला बरोबर उलट. धूर उघड्या नळीत शिरतो, पुढे वाट बंद असते, म्हणून तो भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. ही भिंत सच्छिद्र सिरॅमिकची असते, कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची, आणि जाडी जेमतेम ०.३ मिलिमीटर. तिच्यातली छिद्रं १० ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काजळीचा कण साधारण ०.१ मायक्रॉनचा. म्हणजे छिद्र कणाच्या शंभर ते दोनशेपट मोठं. उघड्या दारातून माशी जावी, तसा हा कण पार व्हायला हवा. होत नाही.

रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण सतत थरथरताना पाहिले. ही थरथर रेणूंच्या धक्क्यांनी होते, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणिताने मांडलं. धुरातल्या काजळीचंही तेच होतं. वायूचे रेणू तिच्यावर चहूबाजूंनी आदळतात. मोठ्या कणावर हे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण रद्द करतात, इतक्या लहान कणावर मात्र क्षणोक्षणी एका बाजूचे जास्त पडतात. त्यामुळे कण वाऱ्याच्या रेषेत सरळ न जाता वेडावाकडा भरकटतो. भिंतीतली वाट नागमोडी असते. भरकटणारा कण कुठे ना कुठे तिच्या कडेला लागतो, आणि लागला की चिकटतो. त्या आकाराला स्वतःच्या वजनापेक्षा पृष्ठभागाची ओढ कितीतरी जास्त असते.

आता गंमत बघा. कण जितका लहान, तितका जास्त भरकटतो, म्हणून तितका सहज सापडतो. खूप मोठा कण जडत्वामुळे वळण घेऊ शकत नाही, तोही आदळतो. निसटतात ते मधले, ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे: भरकटायला जरा जड आणि आदळायला जरा हलके. कोऱ्या फिल्टरमधून असे काही कण सुटतात. पण काही वेळात भिंतीवर काजळीचा मऊ थर बसतो आणि पुढची काजळी हा थरच अडवतो. त्याची जाळी सिरॅमिकपेक्षा कितीतरी बारीक असते. थर बसलेला फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त कण धरतो. फिल्टर चांगला आहे का, हे बघायची जुनी युक्तीही यातूनच आली: थंड सायलेन्सरच्या तोंडाच्या आतून बोट फिरवायचं. बोट स्वच्छ निघालं तर भिंती शाबूत आहेत, काळं निघालं तर आत कुठेतरी तडा आहे.

हीच थरथर आपल्या फुप्फुसातही चालते. नाका-घशातून सुटलेला कण वायुकोशात पोचतो आणि तिथल्या भिंतीला याच पद्धतीने चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातलं. "आतलं काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल" असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या गाडीमागे दिवस काढणारी माणसंही श्वासच घेतात.

फिल्टरमधला थर वाढत गेला की धुराला वाट मिळेनाशी होते, म्हणून तो थर जाळावा लागतो. याच्या दोन तऱ्हा आहेत. गाडी भरलेली, लांब पल्ल्यावर, धूर २५० ते ४०० अंश सेल्सिअसला तापलेला असला, तर फिल्टरच्या आधी बसवलेल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो काजळीला हळूहळू खातो. चालकाला कळतही नाही. धूर तेवढा तापला नाही तर इंजिन जादा डिझेल पाठवून उत्प्रेरकावर जाळतं, तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी ऑक्सिजनने जळते. हेच ते रिजनरेशन. ते चालू असताना मध्येच इंजिन बंद केलं की काजळी अर्धवट राहते. त्याहून वाईट म्हणजे काजळी धगधगत असताना गाडी एकदम आयडलला आणणं, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू ठेवणं: उष्णता वाहून नेणारा वायू कमी होतो, त्यातला ऑक्सिजन वाढतो, आतलं तापमान हजार अंशांपुढे जाऊ शकतं आणि सिरॅमिकला तडे जातात. उभ्या गाडीत रिजनरेशन करणार असाल तर खाली वाळलेलं गवत नको.

एवढं करूनही एक गोष्ट जळत नाही, ती म्हणजे राख. ती बहुतेक डिझेलची नसते, इंजिन ऑइलची असते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताच्या क्षारांचा हा उरलेला अंश. ती नळीच्या मागच्या टोकाशी खडूच्या कांडीसारखी साचत जाते. एपीआय सीजे-४ या डिझेल इंजिन ऑइलच्या दर्जापासून पुढच्या ऑइलमध्ये सल्फेटेड राख (ऑइल जाळल्यावर उरणारी राख) १ टक्क्याच्या आत ठेवली आहे, ती यासाठीच. टाकीत ओतायच्या "फिल्टर साफ" करणाऱ्या बाटल्यांच्या दाव्यांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही. काही रसायनं काजळी कमी तापमानाला पेटवू शकतात हे खरं. पण जी वस्तू आधीच जळून राख झाली, ती कुठलंही औषध पुन्हा जाळू शकत नाही. तिला फिल्टर उतरवूनच काढावं लागतं, साधारणपणे भट्टीत तापवून आणि उलट दिशेने दाबाची हवा मारून.

म्हणून भावाला मी एकच काम सांगितलं. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन बारीक नळ्या असतात, त्यांतून सेन्सर दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजतो. आधी त्या नळ्या फाटल्या किंवा बुजल्या नाहीत ना, ते बघायचं. फाटक्या नळीवरचा आकडा खोटा असतो. मग प्रत्येक पूर्ण रिजनरेशननंतर, त्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना), स्कॅनरवरचा फरक वहीत लिहायचा. रिजनरेशननंतरचाच आकडा महिन्यामागून महिने वर चढत असेल, तर राख साचते आहे. तो जागच्या जागी असेल आणि दोन रिजनरेशनमधले किलोमीटर घटत असतील, तर फिल्टर ठीक आहे, इंजिनच जास्त काजळी करतंय. अशा वेळी गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून जाणारं ऑइल किंवा हवेच्या पाइपची गळती शोधायची. तासन्‌तास आयडलवर उभी असलेली गाडीही धूर कधी तापूच देत नाही.

त्याच्या वहीत आकडा हलला नव्हता, किलोमीटर मात्र निम्म्यावर आले होते. चार नंबरचा इंजेक्टर थेंब थेंब गळत होता. तो बदलला, फिल्टर अजून तोच आहे.