परवडणारं इंटरनेट आणि डिव्हाइस

कमी उत्पन्नाच्या घरांना स्वस्त नेट कनेक्शन आणि धड चालणारा फोन किंवा लॅपटॉप मिळवून देण्याचं काम, जे सरकारी योजना, लायब्ऱ्या, शाळा आणि छोट्यामोठ्या संस्था आपापल्या परीने करतात.

परवडणारं म्हणजे नेमकं किती, तर यूएनच्या ब्रॉडबँड कमिशनने २०१८ मध्ये असं टार्गेट ठेवलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा पॅक दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत बसावा. पण हा झाला सरासरीचा हिशोब, सरासरीच्या बऱ्याच खाली असलेल्या घराला तोच पॅक दुप्पट-तिप्पट जड जातो.

सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे लाइफलाइन ही फोनबिलातली सवलत १९८५ पासून आहे, २०१६ मध्ये ती ब्रॉडबँडलाही लागू केली. कोविडच्या काळात एसीपी (अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम) ही इंटरनेट बिलावर सूट देणारी सरकारी योजना आली, महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट आणि लॅपटॉप-टॅबलेटवर एकदाच १०० डॉलरपर्यंत, सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात होती, मग निधी संपला, संसदेने वाढवून दिला नाही आणि १ जून २०२४ ला योजना गुंडाळली. ब्रिटनमध्ये सरकारी भत्ता घेणाऱ्यांसाठी कंपन्यांचे सोशल टॅरिफ, म्हणजे खास स्वस्त प्लॅन आहेत, पण पात्र लोकांपैकी बहुतेकांनी ते घेतलेलेच नाहीत.

का घेत नाहीत? माहीतच नसतं, हे एक. दुसरं म्हणजे अर्ज ऑनलाइन, म्हणजे नेट मिळवायला आधी नेट हवं! शिवाय फुकट म्हटलं की लोकांना फसवणुकीचा वास येतो, आणि तो येणं काही चूक नाही. म्हणून लायब्ररीत टेबल टाकून बसणारा, कागद बघून फॉर्म भरून देणारा माणूस योजनेइतकाच महत्त्वाचा, त्याला डिजिटल नेव्हिगेटर म्हणतात.

डिव्हाइस बहुतेक वेळा दान आलेलं, रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरायला तयार केलेलं असतं. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान स्टोरेज) टाकली की तो बऱ्यापैकी पळायला लागतो, आधीच्या मालकाचा डेटा मात्र नीट पुसायलाच हवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनवर लिनक्स किंवा क्रोमओएस फ्लेक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात. फोनचं वेगळंच, जुन्या मालकाने अकाउंट काढलं नसेल तर रीसेट करूनही तो लॉकच राहतो, म्हणून देणारा समोर उभा असतानाच अकाउंट काढून घेतात.