झिपलाइनवर अडकतो तो जाडा नव्हे, हलका

‘वजन जास्त असेल तर झिपलाइनच्या फंदात पडू नका, मध्येच लटकाल, नाहीतर तार तुटेल.’ सहलीला निघणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

झिपलाइन म्हणजे उंचावर बांधलेल्या तारेला लटकून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटापर्यंत घसरत जाणं. ही पोलादी तार दोन टोकांमध्ये झोळ खाते. सर्वात खालचा भाग मागे पडला की पुढे चढ लागतो. तिथवर कमावलेल्या वेगावरच तो चढायचा असतो. हवेचा विरोध अंगाच्या आकारावर ठरतो, तर ओढ वजनावर. त्यामुळे किडकिडीत माणसाचा वेग लवकर मरतो आणि जड माणूस सुसाट जातो. कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देसारख्या ढगांच्या जंगलात समोरून वारा आला, तर एखादं पोरगं फलाटापासून चार हात अलीकडे थांबतं आणि हळूच मागे घसरू लागतं. मग गाइड तारेला लटकत, हातावर हात टाकत त्याला आणायला जातो. लहान मुलांना गाइडसोबत जोडीनं सोडतात, ते याचसाठी.

आता तार तुटण्याचं. १०० मीटर अंतरात ५ मीटर झोळ असेल, तर मध्यावरच्या १०० किलोच्या माणसामुळे तारेवर साधारण ५०० किलोचा ताण येतो. ऐकायला भयंकर, पण १२ मिलिमीटरची चांगली पोलादी तार सुमारे ८ टनांपर्यंत तग धरते.

मग वजनाची कमाल मर्यादा कशाला? मुख्यतः हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेले पट्टे, आणि ब्रेकसाठी. तार पावसानं ओली असली की ब्रेक म्हणून तारेवर दाबलेल्या चामडी हातमोज्याची पकड सुटते, आणि जड माणूस फलाटावर धाडकन येऊन आदळू शकतो.