जीएनआरएच पल्स (ओव्ह्युलेशनचा कंट्रोल)

जीएनआरएच पल्स म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून थांबून थांबून सुटणारी जीएनआरएच (गोनॅडोट्रोपिन-रिलीझिंग हॉर्मोन) या हॉर्मोनची छोटीशी पिचकारी. ती बारीक रक्तवाहिन्यांतून खाली पिट्युटरीत (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत) पोचते, मग पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोन सोडते, त्यांच्या जोरावर ओव्हरीतलं फॉलिकल (अंड्याची पिशवी) वाढतं आणि शेवटी अंडं बाहेर पडतं, तेच ओव्ह्युलेशन. सोनोग्राफी करताना डॉक्टर "अंडं फुटलं" म्हणतात ते हेच (खरं तर फुटतं ते फॉलिकल, पण बोलण्यात तसं रुळलंय).

या विषयातला खरा वाद एकच, अंडं कधी सोडायचं हे ठरवतं कोण, मेंदू की ओव्हरी? उत्तर प्राणी बघून बदलतं. सशाची मादी समागम झाला की साधारण १० तासांनी अंडं सोडते, म्हणजे तिथे बाहेरून इशारा लागतो. उंदरांत सगळं घड्याळावर चालतं. १९५० मध्ये एव्हरेट आणि सॉयर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ठरलेल्या दिवशी दुपारी २ च्या आत उंदराच्या मादीला बार्बिट्युरेट देऊन गुंगीत ठेवलं तर त्या रात्रीचं ओव्ह्युलेशन होत नाही, आणि ते नुसतं चार-सहा तास पुढे जात नाही तर बरोबर २४ तासांनी होतं, म्हणजे मेंदूची दुपारची गाडी चुकली की दुसऱ्या दिवशीचीच. त्यामुळे बराच काळ लोक धरून चालले होते की माणसातही मेंदूच मालक असणार.

१९७१ मध्ये जीएनआरएचची रचना कळली, फक्त १० अमिनो अ‍ॅसिडची साखळी. शास्त्रज्ञ शॅली यांच्या टीमने त्यासाठी लाखाच्या वर डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा केले होते, गिमां यांची टीम मेंढ्यांवर काम करत होती आणि दोघांची चुरस जगजाहीर होती, १९७७ चं नोबेल मात्र दोघांना वाटूनच घ्यावं लागलं.

पण हॉर्मोन हातात आला म्हणून तो कसा द्यायचा हे कळलं असं नाही. ते कळलं अर्न्स्ट क्नोबिल यांच्या पिट्सबर्गच्या लॅबमध्ये, ऱ्हीसस माकडांवर. ओव्हरी काढलेल्या माकडांचं रक्त थोड्या थोड्या मिनिटांनी घेत राहिलं तर एलएच तासातासाला वर उसळून खाली येतो हे त्यांनी १९७० मध्येच पाहिलं होतं. मग त्यांनी माकडांच्या हायपोथॅलॅमसमधला जीएनआरएच सोडणारा भाग नष्ट केला, एलएच-एफएसएच तळाला गेले, आणि पंपाने बाहेरून जीएनआरएच द्यायला सुरुवात केली. सतत दिला तर काहीच धड होईना, डोस बदलून पाहिले तरी नाही. पण तासातून एकदाच ६ मिनिटं पंप चालवला, मिनिटाला १ मायक्रोग्रॅम, की दोन्ही हॉर्मोन परत वर! १९७८ चा हा पेपर. सारखी हाक मारत राहिलं की कोणी लक्ष देत नाही तसं पिट्युटरीचं आहे, मध्ये गॅप लागते.

यापुढचा प्रयोग मला तरी जास्त भारी वाटतो. १९८० मध्ये अशाच माकडांना, ज्यांच्या ओव्हरी शाबूत होत्या, रोज तासाला एक पल्स, डोस तोच, वेळ तीच, महिनाभर काहीही न बदलता दिली. आणि तरीही मधोमध एलएचचा मोठा सर्ज (एकदम आलेली उसळी) आला, ओव्ह्युलेशन झालं! पंपाला तर तारीख माहीतच नव्हती. म्हणजे वेळ ठरवली ओव्हरीनेच, फॉलिकल मोठं होत गेलं तसं इस्ट्रोजेन वाढलं आणि दीड-दोन दिवस चढंच राहिलं की पिट्युटरी तुंबलेला एलएच एकदम सोडते. वयात न आलेल्या माकडिणींनाही तासाला पल्स दिली तर सायकल सुरू झाली आणि पंप बंद केल्यावर थांबली.

अर्थात मेंदू नुसता बघ्या नाही. पाळीनंतर पल्स साधारण तास-दीड तासाने येते, ओव्ह्युलेशननंतर ओव्हरीतल्या प्रोजेस्टेरॉन हॉर्मोनमुळे काही तासांवर जाते, आणि पुढे मेंढीत, मग माकडातही सर्जच्या वेळी खुद्द जीएनआरएच वाढलेला मोजला गेला, त्यामुळे "ओव्हरीच मालक" हे जरा सांभाळूनच म्हणावं लागतं. ताल देणाऱ्या पेशी कोणत्या याचा धागा २००३ नंतर किसपेप्टिन या मेंदूतल्या संदेश देणाऱ्या रेणूमुळे मिळाला, त्याच्या रिसेप्टरमध्ये (तो संदेश घेणाऱ्या भागात) बिघाड असलेली मुलंमुली वयातच येत नाहीत असं तेव्हा दिसलं.

औषधात याचे दोन्ही उपयोग उलटसुलट आहेत. मेंदूकडून पल्सच येत नसल्याने पाळी बंद असेल तर छोटा पंप लावून ठराविक वेळाने जीएनआरएच देतात. आणि आयव्हीएफमध्ये अंडं वेळेआधी सुटू नये किंवा एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात) इस्ट्रोजेन खाली यावं म्हणून त्याचंच टिकाऊ रूप सतत देतात, सुरुवातीला काही दिवस हॉर्मोन उलट वाढतात आणि मग पिट्युटरी गप्प होते. आयव्हीएफमध्ये ट्रिगरचं, म्हणजे सर्जचं काम करणारं, इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढायला बोलावतात तेही याच हिशोबाने, सर्ज सुरू झाल्यापासून फॉलिकल फुटायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उशीर झाला तर आत काढायला काही उरत नाही.