बार (इंग्रजी शब्द)

बार हा मध्ययुगात जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द असून दाराला आतून लावायचा अडसर किंवा आडवा दांडा हा त्याचा मूळ अर्थ होय. आज तो न्यायालयापासून मद्यालयापर्यंत अनेक ठिकाणी ऐकू येत असला, तरी त्याचे बहुतेक अर्थ या अडसरातूनच निघालेले आहेत.

दांडा किंवा लांबट घन तुकडा हा अर्थ सर्वांत सरळ आहे. बांधकामावरील सळई, व्यायामशाळेतील सिंगल बार व डबल बार, साबणाची वा चॉकलेटची वडी हे सर्व त्यात येतात. पाश्चात्त्य स्वरलिपीत तालाचे भाग उभ्या रेघांनी पाडतात. त्या रेघेवरून दोन रेघांमधील भागालाही बार म्हणू लागले. नदीच्या मुखाशी साचून जहाजांची वाट अडवणारा वाळूचा दांडाही बारच.

वकिली व्यवसायाशी जडलेला अर्थ अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. न्यायाधीशांची जागा इतरांपासून वेगळी करणाऱ्या कठड्यावरून तो आला, असे सामान्यतः समजले जाते. परंतु वकिलांना ‘बारवर बोलावण्याची’ प्रथा लंडनमधील इन्स ऑफ कोर्ट या विधिसंस्थांची असून, तेथील सभागृहात ज्येष्ठ सदस्य व विद्यार्थी यांच्यामध्ये असलेल्या कठड्याशी ती निगडित होती. अशा चार संस्था आजही आहेत. त्यांपैकी इनर टेंपलने महात्मा गांधींना 1891 मध्ये बॅरिस्टर केले, 1922 मध्ये त्यांचे नाव पटावरून काढले आणि 1988 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनी, ते पुन्हा दाखल केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. भारतात 1961 च्या अधिवक्ता कायद्यानुसार बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि राज्यांच्या बार कौन्सिली स्थापन झाल्या. महाराष्ट्र व गोवा यांची कौन्सिल एकच आहे. येथे ‘बार’ म्हणजे समस्त वकीलवर्ग, तर ‘बेंच’ म्हणजे न्यायाधीशवर्ग.

मद्यालय हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. खानावळीत मद्य ज्या आडव्या फळीवरून देत तिला बार म्हणत. पुढे ते नाव त्या दालनाला आणि मग संपूर्ण दुकानाला मिळाले. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानासाठी परवाना आवश्यक ठरवल्यामुळे अशा दुकानांच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्दही दिसतात.

दाबाचे एकक असलेला बार मात्र या कुळातला नव्हे. तो वजन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला असून बॅरोमीटर हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. 1 बार म्हणजे 1,00,000 पास्कल. समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब 1.01325 बार असतो, आणि पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे 1 बारने वाढतो. हवामानशास्त्रात पूर्वी मिलिबार वापरत; आता त्याच मूल्याचे हेक्टोपास्कल हे एकक वापरले जाते.

‘बंदुकीचा बार’, ‘फुसका बार’ यांतील मराठी शब्द या दोन्हींहून वेगळा आहे.