नेटवर्क सुरक्षा-शिक्षणातील सिम्युलेशन

खरे राउटर, स्विच, फायरवॉल न जोडता संगणकावर त्यांचे प्रतिरूप चालवून हल्ला आणि बचाव शिकवण्याची पद्धत. नागपुरात व्हीएनआयटी (स्थापना १९६०, एनआयटीचा दर्जा २००२), आयआयआयटी (२०१६) आणि हिंगणा व काटोल मार्गांवरील खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे या विषयाचा विद्यार्थिवर्ग मोठा आहे.

या साधनांचा उगम साधारणतः १९८८ च्या ‘रिअल’ या सिम्युलेटरमध्ये शोधला जातो. १९८९ मध्ये त्याचेच एक रूप म्हणून ‘एनएस’ आकाराला आले आणि १९९५ पासून अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘दार्पा’चे पाठबळ त्याला लाभले. मात्र रिअल आणि प्रारंभीचे एनएस हे नेटवर्कवरील वाहतुकीच्या गर्दी-नियंत्रणाच्या अभ्यासासाठी होते. त्यांना सुरक्षा-शिक्षणाचे पूर्वज म्हणणे थोडे ओढूनताणून वाटते. एनएसची पुढची आवृत्ती असलेल्या एनएस-२ मधील पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) आकार असतो, आत मजकूर सहसा नसतो. म्हणजे रिकामे पाकीट. त्याने रांग तुंबवणारा पूर-हल्ला दाखवता येतो, पासवर्ड चोरणे नाही. शिवाय एनएस-२ च्या मूळ एकदिशी टीसीपी (दोन संगणकांत जोडणी करून माहिती पोचवण्याची नियमावली) घटकांत जोडणी उभारण्याची ‘सिन’ या विनंती-संदेशाची देवाणघेवाण नव्हती. ‘सिन फ्लड’ (अशा विनंत्यांचा पूर आणणारा हल्ला) शिकवायचा तर फुल-टीसीपी हा वेगळा घटक घ्यावा लागे. कोणता हल्ला शिकवता येईल हे असे साधनच ठरवते.

सिम्युलेशन आणि एम्युलेशन हे शब्द वर्गात सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण भेद पाळणे बरे. पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर सिस्को या कंपनीच्या राउटर-स्विचच्या आज्ञावलीचे निवडक अनुकरण करतो. जीएनएस३ हा एम्युलेटर राउटरची खरी प्रणाली चालवतो. त्यामुळे त्याला मेमरी जास्त लागते आणि प्रणालीच्या प्रतीचा परवानाही पाहावा लागतो.

प्रॅक्टिकलला नेहमी होणारी चूक अशी: विद्यार्थी ॲक्सेस लिस्टमध्ये (राउटरवरील परवानगी-नकाराच्या यादीत) १९२.१६८.१०.५ हा एकच पत्ता नाकारतो आणि ‘परमिट एनी’ (बाकी सर्वांना परवानगी) लिहायचे विसरतो. यादीच्या शेवटी न दिसणारा सरसकट नकार असतोच. त्या इंटरफेसवरून जाणारे सगळ्यांचे पिंग (जोडणी तपासणारे संदेश) बंद. पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये पाकीट राउटरपाशी अडून त्यावर लाल फुली उमटते, तेव्हा चूक कुठे ते कळते. व्हायवात हमखास विचारतात.

महाविद्यालयाच्या चालू नेटवर्कवर परवानगीविना हल्ल्यांचा असा सराव केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे ४३ व ६६ लागू होऊ शकतात. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.