नेटवर्क कुणावर विश्वास ठेवतं?

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या गेस्ट हाऊसचं नेटवर्क डोळ्यांसमोर आणा. जिन्याखाली एक राउटर असतो. त्याला रिसेप्शनचा संगणक जोडलेला, आणि त्या संगणकात पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, पासपोर्टची पानं, परदेशी पाहुण्यांबद्दल सरकारला कळवायची माहिती. त्याच राउटरला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. आणि त्याच राउटरच्या वायफायवर प्रत्येक खोलीतल्या पाहुण्याचा फोन, कारण पासवर्ड काउंटरवर चिकटवलेलाच असतो. नेटवर्क सुरक्षेचा पाया समजून घ्यायला एवढी सामग्री पुरते.

फोंडा, डिचोली, म्हापसा भागातली बारावी झालेली मुलं हल्ली विचारतात, "सर, काली लिनक्स टाकलं, आता पुढे काय करू?" त्यांना मी थोडं मागे यायला सांगतो. काली लिनक्स ही सुरक्षा तपासण्यासाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यासोबत शेकडो टूल्स तयार येतात आणि त्यांतली बरीचशी एका ओळीच्या आज्ञेवर चालतात. पण टूल चालवता येणं वेगळं आणि ते तारेवर नेमकं काय पाठवतंय हे कळणं वेगळं. दुसरी गोष्ट यायची तर एकच प्रश्न सोबत ठेवावा लागतो: इथे कोण कुणाचं म्हणणं खरं मानतंय, आणि कशाच्या आधारावर?

वायफायवरच्या फोनला बाहेरच्या जगाशी बोलायचं तर आधी राउटर गाठावा लागतो. राउटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, फोनला ठाऊक असतो, समजा १९२.१६८.१.१. पण एकाच नेटवर्कच्या आत माहितीचं पाकीट पोचतं ते मॅक पत्त्यावर, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला असलेल्या ४८ बिटांच्या क्रमांकावर. म्हणून फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न टाकतो: १९२.१६८.१.१ कोण आहे, तुझा मॅक पत्ता सांग. राउटर उत्तर देतो आणि फोन ते टिपून ठेवतो. या देवाणघेवाणीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी तिचे नियम नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहिले आणि आपल्या घरातले बहुतेक राउटर आजही त्याच नियमांनी चालतात.

त्या नियमांत उत्तर देणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नाही. म्हापशाच्या बसस्टँडवर कुणी मोठ्याने विचारावं, "पणजीच्या गाडीचा कंडक्टर कोण?" आणि जो हात वर करील त्याच्या हाती सामान द्यावं, तसा हा कारभार आहे. त्यातही अनेक उपकरणं न विचारता आलेलं उत्तरसुद्धा नोंदवून घेतात. त्यामुळे दुसऱ्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस रिसेप्शनच्या संगणकाला "राउटर मी आहे" असं सांगू शकतो आणि राउटरला "रिसेप्शन मी आहे" असं. दोघांनी मानलं की सगळी वाहतूक त्याच्या लॅपटॉपमधून जाऊ लागते. तो ती पुढे पाठवत राहिला तर इंटरनेट चालू राहतं आणि कुणाला संशयही येत नाही. याला एआरपी स्पूफिंग म्हणतात, आणि मधे बसून ऐकण्याच्या अशा सगळ्या हल्ल्यांना मॅन-इन-द-मिडल.

प्लमर यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळात नेटवर्कवर होती ती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, बहुतेक एकमेकांना ओळखणारी माणसं. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कनेही टीसीपी/आयपी हे आजच्या इंटरनेटचे नियम स्वीकारले ते १ जानेवारी १९८३ रोजी. अनोळखी पाहुणा आणि पासपोर्टच्या प्रती एकाच तारेवर येतील अशी कल्पना तेव्हा कोण करणार होतं? जुने प्रोटोकॉल, म्हणजे असे नियम, शिकताना मला नेहमी त्यांच्या काळाची ही बाजू मुलांना सांगावीशी वाटते, कारण दोष कुठून आला हे कळलं की तो आणखी कुठे असेल याचा अंदाज येतो.

मग मधे बसलेल्याला बँकेचा पासवर्ड दिसतो का? साधारणपणे नाही, आणि त्यामागे मला गणितातली अत्यंत सुंदर वाटणारी एक कल्पना आहे. सगळं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात असताना दोन अनोळखी पक्षांनी आपसात गुपित कसं ठरवायचं? व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखं आहे. दोन आकडे उघडपणे ठरवायचे, समजा ३ आणि १७. फोनने मनात ६ हा आकडा धरला. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागून बाकी १५. ही १५ तो उघड पाठवतो. बँकेच्या सर्व्हरने मनात ७ धरले. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. सर्व्हर ११ पाठवतो. आता फोन ११ चा सहावा घात काढून १७ ने भागतो, बाकी येते ८. सर्व्हर १५ चा सातवा घात काढून १७ ने भागतो, तिथेही बाकी ८. हा ८ तारेवरून गेलाच नाही, तरी दोघांकडे आहे. ऐकणाऱ्याला ३, १७, १५ आणि ११ एवढेच आकडे मिळाले. इतके लहान आकडे असतील तर तो सगळे पर्याय करून ६ किंवा ७ शोधेल. पण १७ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी मूळ संख्या घेतली, की आजचे संगणक तिथे हात टेकतात.

पण एवढ्यानेही काम पुरं होत नाही, आणि विद्यार्थी नेमके इथे घाई करतात. फोनने गुपित ठरवलं खरं, पण कुणाबरोबर? मधला लॅपटॉप फोनशी एक गुपित ठरवील, बँकेशी दुसरं, आणि दोघांच्या मधे आरामात वाचत बसेल. म्हणून वेबवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीत सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि त्यावर ब्राउझर ज्या मोजक्या संस्थांना मानतो त्यांपैकी एकीची डिजिटल सही लागते. प्रमाणपत्र जुळलं नाही की ब्राउझर लाल इशारा देतो. तो इशारा ओलांडून "पुढे चला" दाबलं, की वरचं सगळं गणित वाया जातं.

आता सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरकडे वळू. प्रत्येक उपकरण वेगवेगळ्या सेवांसाठी क्रमांक दिलेल्या पोर्टांवर ऐकत असतं. क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. सुरक्षित वेबसाठी ४४३, दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरून काम करण्याच्या एसएसएचसाठी २२, त्याच कामाच्या जुन्या, असुरक्षित टेलनेटसाठी २३. जोडणी सुरू करायला एक संगणक सिन हे चिन्ह असलेलं पाकीट पाठवतो, दुसरा सिन-ॲक परत देतो, पहिला ॲक देतो. पोर्ट बंद असेल तर नकाराचं पाकीट येतं. काहीच आलं नाही तर बहुधा मधे फायरवॉल, म्हणजे नको ती पाकिटं अडवणारी यंत्रणा, आहे. गॉर्डन लायन यांचं १९९७ पासूनचं एनमॅप हे टूल मुळात याच उत्तरांवरून निष्कर्ष काढतं.

रेकॉर्डरचं पोर्ट २३ उघडं असेल आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल, तर २०१६ आठवावं. त्या वर्षी मिराई नावाच्या मालवेअरने इंटरनेटवर अशीच कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधली. त्याच्याकडे युक्ती फारशी नव्हती, साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या. त्यातून उभ्या राहिलेल्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर हल्ला केला; ती डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगण्याची, सेवा देत होती आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येकांना काही तास उघडेनात.

रिसेप्शनच्या संगणकाचा धोका बहुधा याहून साधा असतो: अपडेट पुढे ढकललेलं असतं. १२ मे २०१७ रोजी फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा मालवेअर जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या दोषातून, पोर्ट ४४५ वरून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती.

हे सगळं कळलं की हात शिवशिवतात. समोर कॉलेजचं वायफाय असतं, शेजाऱ्याचा राउटर असतो. इथे मी कडक आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने एक वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. काही नष्ट करायचा हेतू नव्हता, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. पण वर्म स्वतःच्या प्रती बेसुमार काढत गेला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. त्याला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. मालकाच्या परवानगीविना संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं कलम ४३ खाली येतं आणि त्यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानगी तोंडी घेऊ नये. कुठली यंत्रं तपासायची, कुठल्या तारखांना, काय करायचं नाही आणि काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे लिहून मालकाची सही घ्यावी.

सरावासाठी दुसऱ्याचं काहीच लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आभासी यंत्रं उभी करा, एकावर काली, दुसऱ्यावर मुद्दाम दोष ठेवून बनवलेलं मेटास्प्लॉइटेबल, आणि दोन्ही बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या होस्ट-ओन्ली जोडणीवर ठेवा. पहिले काही आठवडे हल्ला करूच नका. नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं वायरशार्क हे टूल लावा आणि एक यंत्र दुसऱ्याला पिंग करतं, म्हणजे ते जागं आहे का विचारतं, तेव्हा आधी एआरपीचा प्रश्न जातो, मग उत्तर येतं, मग पिंगची पाकिटं जातात, हे ओळीने वाचा. मग स्पूफिंग करा आणि एआरपीच्या नोंदीत मॅक पत्ता बदललेला स्वतः पाहा. मग ते पकडणारा नियम लिहा. हल्ला आणि बचाव एकाच बैठकीत शिकले की दोन्ही पक्के होतात. शिवाय नलकॉन ही सायबर सुरक्षेची परिषद २०१० साली आपल्या गोव्यातच सुरू झाली. या क्षेत्रात काम करणारी माणसं प्रत्यक्ष भेटायला फार लांब जावं लागत नाही.

परवानगीने केलेल्या तपासणीचं खरं फळ अहवालात असतं. गेस्ट हाऊसच्या मालकाला "एआरपी स्पूफिंग शक्य" एवढंच लिहून दिलं तर त्याला काय कळणार? पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा, पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसणार नाहीत अशी सेटिंग लावा, रेकॉर्डरचा पासवर्ड बदला आणि त्याचं टेलनेट बंद करा, असं त्याला करता येईल अशा क्रमाने लिहावं लागतं. तपासताना कुणाचा पासपोर्ट समोर आला तर तो उघडायचा नाही, उतरवून घ्यायचा नाही. तिथवर पोचता आलं एवढीच नोंद करायची. आणि दोष त्या एका गेस्ट हाऊसचा नसून विकल्या जाणाऱ्या उपकरणाचाच निघाला, तर तो समाजमाध्यमावर टाकण्याआधी उत्पादकाला आणि सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचा, उपकरणाचं मॉडेल, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि दोष पुन्हा घडवून पाहण्याच्या पायऱ्यांसह.