खोट्या बारकोडचं पेटंट

कोल्हापुरी चपलेवर क्यूआर कोड येणार अशी बातमी आल्यापासून आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन फॉरवर्ड जोरात आहेत. पहिला, ‘चपलेचं पेटंट कोल्हापूरचंच आहे.’ दुसरा वर्षानुवर्षं फिरतोय: ‘बारकोड ८९० ने सुरू झाला तरच माल भारतीय.’ दोन्ही चूक. चपलेला २०१९ साली मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूच्या नावाला तिच्या मूळ भागाशी जोडणारी कायदेशीर ओळख. तेही एकट्या कोल्हापूरचं नाही. सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात भागीदार आहेत. पेटंट नव्या शोधाला मिळतं, पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेल्या चपलेला ते मागताच येत नाही. आणि ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर जीएस१ इंडिया या संस्थेने दिलाय. माल कोल्हापूरजवळच्या शिरोलीत बनला की चीनमधल्या शेन्झेनमध्ये, हे त्या तीन आकड्यांवरून कळत नाही.

याच गदारोळात इंजिनिअरिंगच्या एका पोराने विचारलेला प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. ‘बारकोड वाचणाऱ्या मॉडेलला शिकवायला आम्ही कॉम्प्युटरवरच खोटे बारकोड तयार करतो. त्याचं पेटंट मिळेल का?’ त्यावर लगेच उत्तर आलं, ‘खोट्याचं कसलं पेटंट, भावा?’ सगळे हसले आणि विषय पुन्हा चपलेवर गेला. पण या प्रश्नात प्रकाशशास्त्र आणि कायदा एकाच ठिकाणी येऊन भेटतात, तेव्हा तो असा सोडून देण्यासारखा नाही.

आधी बारकोडचंच बघू. किराणा मालावर दिसतो तो ईएएन-१३ नावाचा तेरा अंकी बारकोड. त्यात सारख्या रुंदीचे ९५ उभे कप्पे असतात, प्रत्येक एक तर काळा नाही तर पांढरा. या कप्प्याला मॉड्यूल म्हणतात आणि त्याची प्रमाण रुंदी ०.३३ मिलिमीटर. दोन्ही टोकांना तीन-तीन आणि मधोमध पाच मॉड्यूल ठरलेल्या खुणांसाठी जातात. उरलेल्या ८४ मध्ये प्रत्येकी सात मॉड्यूलचे बारा अंक बसतात. आता अंक तेरा आणि जागा बाराच, हे कसं? तर पहिला अंक काढलेलाच नसतो. डावीकडच्या सहा अंकांसाठी प्रत्येकी दोन प्रकारची चित्रं असतात, आणि कुठे कुठलं वापरलं यावरून पहिला अंक ओळखायचा. म्हणजे ज्या ८९० वर एवढं देशप्रेम चाललंय त्यातला ८ पट्ट्यांमध्ये छापलेलाच नसतो!

दुकानातला स्कॅनर हे सगळं क्षणात वाचतो, मग मॉडेल कशाला? कारण दुकानात पाकीट स्कॅनरसमोर नीट धरणारा माणूस असतो. गोदामातल्या सरकत्या पट्ट्यावर तो नसतो. कांदा-लसूण चटणीचं चकचकीत पाकीट तिरकं पडलेलं, प्लॅस्टिकला सुरकुत्या, वर ट्यूबलाइटची झळाळी, आणि कॅमेरा तीन फुटांवर. अशा फोटोत बारकोड आधी शोधायचा आणि मग वाचायचा, हे काम आता न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या मॉडेलकडे, दिलं जातं. त्याला शिकवायला हजारो, शक्यतो लाखो फोटो हवेत, आणि प्रत्येक फोटोत बारकोडचे चार कोपरे कुठे आहेत आणि आकडा काय आहे, हे कुणीतरी आधी नोंदवून ठेवलेलं हवं. हे हाताने करायला बसलं की डोळ्यांसमोर पट्ट्या नाचू लागतात.

इथे बारकोड इतर विषयांपेक्षा फार सोयीचा ठरतो. मांजराचं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं तर मांजर कसं दिसतं याचं सूत्र कुणाकडे नाही. बारकोडचं आहे. आकडा दिला की ९५ कप्प्यांचं चित्र ठरलं. ते आपणच तिरकं करून पार्श्वभूमीवर ठेवलं, म्हणजे कोपरे पिक्सेलच्या अंशापर्यंत माहीत. नोंदीची मेहनत शून्य, नोंदीतली चूकही शून्य.

मग अडतं कुठे? असा बारकोड फारच स्वच्छ असतो. त्याच्यावर शिकलेलं मॉडेल खऱ्या फोटोसमोर गडबडतं. त्यामुळे सगळी करामत त्याला खऱ्यासारखं बिघडवण्यात आहे. आणि बिघाडाला क्रम असतो: आधी छपाई, मग पाकिटाचा पृष्ठभाग, त्यावरचा प्रकाश, भिंग, प्रकाश टिपणारा सेन्सर, आणि शेवटी फाइल दाबून लहान करणारं जेपेग. हा क्रम उलटसुलट करून चालत नाही. दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, सेन्सरमध्ये तयार होतो, भिंगाच्या नंतर. घाईत कुणी आधी नॉइज टाकला आणि मग चित्र धूसर केलं, तर दाणेही धूसर होतात. खऱ्या कॅमेऱ्यात तसं होत नाही. शिवाय नॉइज सगळीकडे सारखा नसतो. पिक्सेलवर सरासरी दहा हजार फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडले तर त्यात शंभरेक इकडेतिकडे होतात, म्हणजे १ टक्का. शंभरच पडले तर दहा, म्हणजे १० टक्के. अंधाऱ्या गोदामातला फोटो खरखरीत का दिसतो ते यात आलं.

आता माझा आवडता भाग. थोडी आकडेमोड आहे, पण टाळू नका.

फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला आकडा असतो. ० काळा, २५५ पांढरा. तर अर्धा प्रकाश म्हणजे किती? बहुतेक जण १२८ म्हणतील. खरं उत्तर १८८. अंधाऱ्या छटांमधले बारीक फरक आपल्या डोळ्यांना उजेडातल्या फरकांपेक्षा जास्त कळतात, म्हणून फाइलमध्ये आकडे वाटताना अंधाराला जास्त जागा दिलेली असते. या वक्र वाटपाला गॅमा म्हणतात. भिंगाला मात्र फाइल, आकडे, गॅमा यातलं काही ठाऊक नसतं. ते खरा प्रकाश मिसळतं. फोकस हलला की शेजारच्या पिक्सेलचा प्रकाश एकमेकांत सांडतो, आणि हे सांडणं संपल्यावर मग कॅमेरा आकडे लिहितो.

समजा एका मॉड्यूलच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या आलटून-पालटून आहेत, आणि फोटोत प्रत्येक पट्टी दोन पिक्सेल रुंद आली आहे. फोकस थोडा गेल्यामुळे प्रत्येक पिक्सेलमध्ये तो स्वतः आणि डावा-उजवा शेजारी यांचा प्रकाश सारख्या प्रमाणात मिसळला. पांढऱ्या पिक्सेलचा एक शेजारी पांढरा, एक काळा. म्हणून त्याच्याकडे दोन तृतीयांश प्रकाश उरला. काळ्याकडे उलट, एक तृतीयांश आला. गॅमाच्या सूत्रातून हे आकडे फाइलमध्ये २१३ आणि १५६ होतात.

सोपा रस्ता धरणारा प्रोग्रामर काय करतो? फाइलमधल्या आकड्यांचीच सरासरी काढतो. २५५, २५५ आणि ० यांची सरासरी १७०. २५५, ० आणि ० यांची ८५. चित्र दोन्हीकडे धूसरच दिसतं, आणि नुसत्या डोळ्याला फरक पटकन कळतही नाही. पण १२८ हा उंबरठा धरून काळं-पांढरं ठरवायला गेलात तर खोट्या चित्रात ८५ खाली राहतो, पट्टी वाचते. खऱ्या फोटोत १५६ सुद्धा उंबरठ्याच्या वर! काळ्या पट्ट्या गायब. चांगले डीकोडर, म्हणजे पट्ट्यांवरून आकडा काढणारे प्रोग्राम, उंबरठा आजूबाजूचा उजेड बघून ठरवतात, ते मान्य. तरी काळ्या-पांढऱ्यातलं अंतर खोट्या चित्रात ८५ आणि खऱ्यात ५७, म्हणजे एक तृतीयांशाने कमी, हे उरतंच. तालमीत जोडीदार रोज मुद्दाम पाठ टेकत असेल तर मैदानात काय होणार, तेच या मॉडेलचं होतं.

यात छपाईची भर. शाई कागदात पसरते म्हणून काळ्या पट्ट्या जाड होतात. धूसरपणा त्यांना वर सांगितल्याप्रमाणे बारीक करतो. दोन उलट दिशांचे बिघाड, आणि कुठला किती हे पाकिटागणिक वेगळं. ज्याने हे मोजून, योग्य क्रमाने, खऱ्या प्रकाशाच्या आकड्यांत बसवलं त्याचा खोटा बारकोड कामाचा.

हल्ली यावर एकच उत्तर ऐकू येतं: ‘एआयला सांगायचं, तो बनवेल.’ चित्र बनवणारी मॉडेल्स बारकोडसारखं दिसणारं काहीतरी बनवतात खरी. पण त्यातली एखादी पट्टी अर्धा मॉड्यूल सरकली की आकडा गेला, आणि आकडा गेला की नोंद खोटी. निदान शेवटच्या, आधीच्या बारा अंकांवरून काढलेल्या तपासणी अंकाने तरी पडताळून घ्यावं. तो एका अंकाची कुठलीही चूक हमखास पकडतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र त्यांच्यात ५ चा फरक असेल तर त्याच्या हातून सुटते.

तर पेटंट. बारकोडचा जन्मच पेटंटातून झालाय. वुडलँड आणि सिल्व्हर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४९ साली अर्ज केला, अमेरिकेत १९५२ साली पेटंट मिळालं, आणि ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पहिलं पाकीट स्कॅन झालं ते २६ जून १९७४ ला. तोवर त्या पेटंटची मुदत संपूनही गेली होती. वेळेआधी लागलेल्या शोधाचं असं होतं.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम यांना शोध मानत नाही. सगळी मेख त्या ‘निव्वळ’मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने फेरीद अलानी प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम घडत असेल तर केवळ तो प्रोग्राम आहे म्हणून दार बंद करता येणार नाही. युरोपियन पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शिकेत तर या पोराच्या प्रश्नाचं जवळजवळ थेट उत्तर आहे: मॉडेल करत असलेल्या वर्गीकरणाचा हेतू तांत्रिक असेल, तर प्रशिक्षणाचा डेटा तयार करण्याच्या पायऱ्याही त्या हेतूला हातभार लावत असल्यास शोधाच्या तांत्रिकतेत धरता येतात. उलट अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स या खटल्यात बजावलं की जुनीच मशीन लर्निंगची पद्धत नव्या क्षेत्राला लावली, एवढ्यावर पेटंट नाही.

म्हणून ‘कॉम्प्युटरने बारकोडची चित्रं तयार करून मॉडेल शिकवणे’ असा दावा अर्जात लिहिला तर तो पहिल्या फेरीतच चितपट. खोट्या दृश्यात रंग, प्रकाश, कोन वाटेल तसे बदलून मॉडेल शिकवायची युक्ती २०१७ पासून छापील साहित्यात आहे. पेटंट कार्यालयातला परीक्षक ती समोर ठेवेल आणि विचारेल, यात नवीन काय? याउलट ‘शाईचा फैलाव मोजून, मग रेषीय (म्हणजे गॅमा लावण्याआधीच्या) प्रकाशात धूसरपणा, मग प्रकाशाच्या प्रमाणात नॉइज, आणि त्यामुळे तिरक्या पाकिटांवर वाचन इतकं सुधारलं’ असा दावा असेल तर निदान बोलणी सुरू होतात. तेही यातल्या पायऱ्या सुट्या सुट्या जुन्याच आहेत, असं परीक्षकाने म्हटल्यावर त्या एकत्र आणणं जाणकाराला सहज सुचलं नसतं, हे पटवून द्यावं लागेल.

आणि अर्जात आपली पद्धत लपवून ठेवायची सोय नाही. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाच्या टी १६१/१८ या २०२० च्या निकालात रक्तदाबाच्या आलेखावरून हृदयाचं काम मोजणारं न्यूरल नेटवर्क होतं. अर्जात डेटाबद्दल एवढंच की तो वेगवेगळ्या वयाच्या, प्रकृतीच्या रुग्णांचा असावा. निकाल: एवढ्यावरून कुणालाही हे पुन्हा करता येणार नाही, माहिती अपुरी. आपल्याकडेही कलम १० प्रमाणे अर्जदाराने त्याला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करायची असते.

वेळापत्रकावर मात्र आमच्याकडे फार फसगत होते. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी, किंवा मागितलं तर त्याआधीच, तो प्रसिद्ध होतो. याला पेटंट मिळालं म्हणत नाहीत! तरी चौकाचौकात ‘पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’चे फ्लेक्स लागतात. तपासणी व्हावी म्हणून ३१ महिन्यांच्या आत वेगळी मागणी करावी लागते. कोल्हापूरचा अर्ज मुंबई कार्यालयात जातो, मग परीक्षकाचा पहिला अहवाल येतो, त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं. तोवर मिळालेला असतो तो फक्त अर्जाचा नंबर. आणि अर्जाआधीच प्रोजेक्ट स्पर्धेत सगळं दाखवलं, कोड इंटरनेटवर टाकला, तर मोजके अपवाद सोडून नवेपण तिथेच संपलं. तात्पुरता अर्ज आधी टाकून पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो, तो रस्ता याच्यासाठीच आहे.

पेटंटसाठी खरंच नवं काही हवं, म्हणून त्या पोराला मी किराण्याचा बारकोड सोडून शिरोलीच्या फाउंड्रीत जायला सांगितलंय. तिथे कास्टिंगवर ठिपके ठोकून डेटामॅट्रिक्स, म्हणजे क्यूआरसारखा चौकोनी कोड, उमटवतात. शाई नाहीच, नुसते खळगे. उजेड एका बाजूने आला तर ठिपका काळा, दुसऱ्या बाजूने आला तर तोच चमकतो, आणि वरून तेलाचा हात फिरलेला. काळ्या-पांढऱ्या कप्प्यांचं सूत्र तिथे पुरत नाही. खळग्याचा उतार, धातूचा खरखरीतपणा आणि दिव्याचा कोन यांतून प्रत्येक ठिपक्याचा उजेड काढावा लागतो.